रात्रीचे टपाल आणि शेवटचा कोस

आमच्या शाळेच्या भिंतीवर भारताचा एक जुना नकाशा आहे. त्याच्या कडा उसवल्या आहेत, वरच्या खिळ्याचे भोक मोठे होत गेले आहे, आणि वर्ध्याच्या जागी आजवर इतक्या मुलांची बोटे टेकली आहेत की ते गाव आता छापलेले दिसतच नाही. नुसता एक मळकट ठिपका दिसतो. गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला मी मुलांच्या हाती दोन दोरे दिले. एक दोरा मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत ताणायचा, दुसरा दिल्लीपासून मद्रासपर्यंत. चौघांनी चार टोके धरली. दोरे जिथे एकमेकांवरून गेले तिथे पाचव्याने बोट ठेवले आणि तो ओरडला, “गुरुजी, हे त आपलंच हाये!”

खरोखरच ते आपलेच होते. हिंगणघाटाच्या आसपास ती गाठ पडली होती. नकाशाच्या कागदावर पृथ्वीची गोलाई सपाट झालेली असते, तेव्हा दोऱ्यावर फार विसंबू नये, हे मला ठाऊक आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. गोलावरच्या अंतरांचे गणित मला येत नाही. म्हणून एका इंजिनियर स्नेह्याकडून मी अक्षांश-रेखांशांचा रीतसर हिशेब करून घेतला. त्यानेही तेच निघाले. मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या आकाशातल्या दोन सरळ वाटा एकमेकींना छेदतात त्या वर्धा आणि हिंगणघाट या दोन गावांच्या मधल्या शिवारावर. खाली कपाशी आणि तूर, वर देशाचा चौक!

पण माझे खरे समाधान त्या दिवशी झाले नाही. कारण बोट न काढताच त्या पोराने दुसरा प्रश्न टाकला: “मंग इथं विमान काहून नाही उतरत?”

वर्गात मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. शिक्षकाला ती कला साधलेली असतेच. परंतु प्रश्न मनातून जाईना. कारण या प्रश्नामागे एक खरा इतिहास आहे. आमच्या जिल्ह्याच्या डोक्यावरून रोज रात्री गेलेला, आणि तरीही आमच्या जिल्ह्याला फारसा न शिवलेला. तो इतिहास पुरा सांगितल्याखेरीज त्या पोराला उत्तर देता येणार नाही, असे वाटू लागले. म्हणून हा खटाटोप.

*

आकाशातून टपाल नेण्याची कल्पना आपल्या देशाला फार लवकर सुचली. १८ फेब्रुवारी १९११ या दिवशी अलाहाबादेत हेन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रांचा थैला आपल्या विमानात घातला आणि यमुना ओलांडून तो नैनीला उतरला. अंतर सहा मैलांच्या आसपास. वेळ तेरा मिनिटे. जगातले पहिले अधिकृत हवाई टपाल म्हणून त्या उड्डाणाची नोंद आहे. आज हे आकडे वाचून हसू येते. चांगला सायकलस्वार तेवढे अंतर पाऊण तासात काटील. पण त्या तेरा मिनिटांत एक गोष्ट कायमची बदलली. नदी, पूल, नाव, रस्ता यांना बाजूला ठेवून पत्र एका गावाहून दुसऱ्या गावाला जाऊ शकते, हे सिद्ध झाले.

त्यानंतर एकवीस वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून पुस मॉथ जातीचे लहानसे विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीवरून मद्रासला पोचवले. देशाच्या पश्चिम कडेने टपालाची वाट पडली. मधला देश मात्र अजून रेल्वेच्या रुळांवरूनच बोलत होता.

हा मधला देश म्हणजे आपण. आपल्या भागाचे अंतर पूर्वी कसे मोजले जाई ते जरा आठवावे. रेल्वे येण्याआधी नागपूर-वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. त्या प्रवासाचा हिशेब दिवसांत नव्हे, ऋतूंत करावा लागे. पावसाळ्याने गाठले की तांडा जिथल्या तिथे अडकला. १८६२ साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला, १८६६ साली पालकवाडीच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली, आणि १८६७ साली मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. पुढे दहा वर्षांनी हिंगणघाट-वरोऱ्याकडची शाखा झाली. कापूस आणि कोळसा तिच्यावरून वाहू लागला. १९२९ च्या सुमारास बल्लारपूरच्या पुढचा काझीपेठपर्यंतचा दुवा सांधला गेला आणि दिल्ली-मद्रास गाड्या आपल्या जिल्ह्यातून धडधडू लागल्या. म्हणजे रुळांचाही चौक आपल्याकडेच पडला. वर्ध्याजवळ उभे राहून चारही दिशांच्या गाड्या पाहाव्यात, अशी सोय झाली.

याच रुळांच्या भरवशावर १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. देशाच्या मध्यावरचे खेडे, आणि जवळच मोठे स्थानक! पण टपालाची एक मौज तिथेही झाली. बुलढाणा जिल्ह्यात संत गजानन महाराजांचे शेगाव प्रसिद्ध. साहजिकच गांधीजींची पत्रे भलत्याच शेगावला जाऊन पडू लागली. अखेर १९४० साली गावाचेच नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले. ज्यांच्या एका पत्राची वाट व्हाइसरॉयपासून खेड्यातल्या विणकरापर्यंत सारे पाहत, त्यांनाही टपालापुढे आपल्या गावाचे नाव बदलून घ्यावे लागले! पत्राची वाट किती नाजूक असते, हे यावरून ध्यानात यावे.

*

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात विमाने पुष्कळ होती. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळाली, आणि त्यांच्या जोरावर कितीतरी खाजगी कंपन्या निघाल्या. दिवसा ही विमाने उतारू नेत आणि रात्री हँगरमध्ये उभी राहत. टपाल मात्र दिवसभर पेट्यांत साठत राही आणि संध्याकाळी निघू पाही. दिवसाचे विमान आणि रात्रीचे टपाल यांची गाठ पडत नव्हती.

त्या वेळी रफी अहमद किडवई हे दळणवळण मंत्री होते. विमाने रात्रीच उडवावीत, ही योजना त्यांच्या कारकिर्दीत अमलात आली. १९४९ च्या जानेवारीअखेर रात्रीच्या हवाई टपालाला आरंभ झाला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून आणखी एक मोठी सवलत आली. साध्या दराचे देशातले पत्रही, विमानाने नेल्यास लवकर पोचणार असेल तर, ज्यादा तिकीट न लावता विमानाने जाऊ लागले. श्रीमंताचे पत्र आकाशातून आणि गरिबाचे रुळावरून, हा भेद त्या दिवशी मिटला. नव्या देशाने घेतलेल्या लहान निर्णयांत हा एक फार मोठ्या मनाचा निर्णय होता, असे मला वाटते.

योजना ऐकायला एखाद्या गोष्टीसारखी आहे. रात्र पडली की मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येऊन उतरत. तिथे दिव्यांच्या उजेडात थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईने आणलेले दिल्लीचे थैले दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याने आणलेले मद्रासचे थैले मद्रासच्या विमानात. उतारूही असत, तेही पेंगुळल्या डोळ्यांनी एका विमानातून दुसऱ्यात बसत. मग चारही विमाने पुन्हा चार दिशांना जात, आणि उजाडता उजाडता प्रत्येक शहराच्या हाती उरलेल्या तीन शहरांची पत्रे पडत. मध्यरात्री भरणारी आणि पहाटेच्या आत उठणारी ही एक जत्राच होती.

आता थोडा हिशेब करू. सोनेगावापासून मुंबईचा विमानतळ हवेतून सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्लीचा ८५५, मद्रासचा ९०५ आणि कलकत्त्याचा ९८५. डाकोटाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटर धरला, तर मुंबईचे विमान पावणेतीन तासांत येणार, दिल्लीचे तीन तास पंचवीस मिनिटांत, मद्रासचे त्याहून दहा-बारा मिनिटे उशिरा, आणि कलकत्त्याचे जवळजवळ चार तासांनी. म्हणजे चौघांनी एकाच वेळी भेटायचे तर कलकत्त्याने सर्वांच्या आधी निघायला हवे आणि मुंबईने सर्वांच्या शेवटी. एकालाही वाटेत वादळाने अडवले, तर उरलेल्या तिघांपुढे प्रश्न: थांबावे, की त्याचे टपाल न घेताच निघावे?

यासाठी सर्वांची घड्याळे एक असावी लागतात, हेही विसरू नये. भारताची प्रमाणवेळ १९०६ सालीच ठरली होती. पण कलकत्त्याने आपली वेगळी वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही, आणि मुंबईत तर काही घड्याळे १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागेच चालत होती. सूर्याला विचाराल तर मुंबई आणि कलकत्ता यांच्यात एका तासाहून थोडे अधिकच अंतर आहे. आपल्या वर्ध्याचा सूर्यसुद्धा घड्याळाच्या पंधरा-सोळा मिनिटे मागे आहे. मध्यरात्रीच्या त्या भेटीत चार शहरांचे चार सूर्य बाजूला ठेवून एकच घड्याळ मानावे लागले.

आणि नागपूरच का? त्याचे उत्तर मुलांच्या दोऱ्यांत आहे. मुंबई ते कलकत्ता सरळ गेले तर सुमारे १,६६५ किलोमीटर. नागपूरला उतरून गेले तर १,६७०. दिल्ली ते मद्रास सरळ आणि नागपूरमार्गे या दोन अंतरांत तर फरक जवळजवळ नाहीच. दोन्ही १,७६० च्या घरात. तोटा होतो तो शेजारच्या शहरांचा. मुंबई ते दिल्ली सरळ १,१४० किलोमीटर, नागपूरवरून १,५४०. कलकत्ता ते मद्रास सरळ १,३८५, नागपूरवरून १,८९०. पण चार शहरांच्या जोड्या सहा होतात. प्रत्येक जोडीला जाता-येता एकेक विमान द्यायचे तर रोज बारा उड्डाणे आणि साडेसोळा हजार किलोमीटर. नागपूरला मध्ये घेतले की चार विमाने, आठ टप्पे, आणि सात हजार किलोमीटरांच्या आत सारे काम. गरीब देशाला हे गणित परवडणारे होते.

पुढे अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने मेम्फिस शहरात हीच युक्ती केली. साऱ्या विमानांनी रात्री एका मधल्या शहरात यावे, पार्सले बदलावी आणि सकाळी परत फिरावे. त्या कंपनीचे कौतुक व्यापारशास्त्राच्या पुस्तकांत सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण तिची विमाने उडू लागली १९७३ साली. सोनेगावच्या माळावर तोवर ही जत्रा भरून चोवीस वर्षे झाली होती.

*

कौतुक करताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. तो काळ आजच्यासारखा नव्हता. दोन एंजिनांचे जुने विमान, रात्रीचा अंधार, रेडिओवर ऐकू येणाऱ्या खुणा, आणि पावसाळ्यात मध्य भारतावर उभे राहणारे ढगांचे डोंगर, इतक्यांतून वाट काढून वैमानिक नागपूर गाठीत. १ ऑगस्ट १९५३ पासून आठ विमान कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि रात्रीचे टपाल त्याच्याकडे आले. त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या रात्री नागपूरहून मद्रासला निघालेले डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले. तेरा माणसे मृत्यू पावली. त्यांत कामगारांचे पुढारी आणि लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री हेही होते. दुसऱ्या दिवशीही टपाल निघायचेच असते. सकाळी दारात पडलेल्या पत्रावर तिकीट किती पैशांचे, ते आपण पाहतो. रात्री कुणी आपला जीव त्यावर लावला होता, ते त्यावर छापलेले नसते.

*

आता मी माझ्या आजोबांकडे येतो. कारण या इतिहासाचे दुसरे टोक त्यांच्या हाती होते.

आजोबा गिरडच्या टेकडीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. शेख फरिदांच्या दर्ग्यामुळे गिरड सर्वांना ठाऊक आहे. ते खेडे त्याच्या आसपासचे. आज तो भाग समुद्रपूर तालुक्यात येतो, तेव्हा हिंगणघाट तहसिलीत होता. त्या काळी लहान गावात शाळेचा मास्तरच पुष्कळदा टपालाचेही काम पाही. सकाळी बाराखडी, दुपारी मनिऑर्डरी. शाळेच्या एका कोपऱ्यात लोखंडी पेटी, तारखेचा शिक्का, शाईची गादी आणि एक तराजू, एवढे ते टपालघर. हिंगणघाटाहून काही वाट मोटारीने आणि उरलेली हरकाऱ्याच्या पायांनी, असे टपाल तिथे येई.

नागपूरहून मद्रासला जाणारी हवाई वाट बरोबर या गिरडच्या आभाळावरून जाते. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून निजले की मध्यरात्रीनंतर दूरवर घरघर ऐकू येई, आणि आजोबा उशाशी बसलेल्या आजीला म्हणत, “चालली मद्रासची डाक.” मी हे आजीच्या तोंडून ऐकले आहे. तिला मद्रास कुठे आहे ते ठाऊक नव्हते. पण मद्रासची डाक किती वाजता जाते ते ठाऊक होते.

आजोबांची एक वही माझ्यापाशी आहे. तिच्यात त्यांनी एक चमत्कारिक छंद जोपासला होता. एखाद्या पत्रावरचे शिक्के स्पष्ट उमटलेले असले की त्यांच्या तारखा ते वहीत उतरवून ठेवीत: कुठून निघाले केव्हा, हिंगणघाटात आले केव्हा, आणि स्वतः त्यांनी गावचा शिक्का मारला केव्हा. त्या वहीत १९५४ च्या श्रावणातली एक नोंद आहे. मद्रास ९ ऑगस्ट. हिंगणघाट ११ ऑगस्ट. गाव १६ ऑगस्ट. पुढे शेरा काही नाही. नुसती एक रेघ.

त्या रेघेची हकीकत अशी. गावातल्या एका शेतकऱ्याचा थोरला मुलगा मद्रासेत फिटर होता. त्याला दिल्लीकडे काम मिळाले. त्याने लिहिले की १४ तारखेच्या गाडीने मी हिंगणघाटावरून जातो आहे. उतरायला सवड नाही, गाडी थोडा वेळ थांबते तेवढ्यात बाबांना आणि आईला घेऊन फलाटावर या, दोन वर्षे झाली तुम्हाला पाहिले नाही. घरात कुणाला वाचता येत नव्हते. पत्र आले की मास्तरांनी ते वाचून दाखवायचे, हा रिवाज. वणेला पूर होता, वाटेतला नाला तीन दिवस उतरू देत नव्हता, हरकारा अलीकडच्या गावी थैला उशाशी घेऊन बसून होता. त्यात कुणाचाच दोष नव्हता. सोळा तारखेला पत्र आले आणि आजोबांनी ते वाचले.

मुलाच्या आईने विचारले, “चौदा तारीख कई हाये, मास्तर?”

आजोबा म्हणाले, “होऊन गेली, माय.”

मुलगा परत आला तो पुढच्या वर्षी. आई भेटली. बाप त्याच्या आधीच मार्गशीर्षात गेला होता.

या नोंदीचा हिशेब मी कितीदा तरी केला आहे. ते पत्र मद्रासहून निघाले आणि नऊशे किलोमीटरचे अंतर साडेतीन-चार तासांत तोडून नागपूरला आले. येताना ते त्या शेतकऱ्याच्या घरावरूनच आले असणार. रात्री आई-बाप निजलेले असताना त्यांच्या डोक्यावरून मुलाचे पत्र गेले. सोनेगाव तिथून हवेतून पन्नास किलोमीटरही नाही. तिथून ते रुळाने सेवाग्रामच्या बाजूला उतरून हिंगणघाटला आले, आणि मग उलटे फिरून जिथून उडत गेले होते तिथे पायी परत येऊ लागले. नऊशे किलोमीटरला एक रात्र, आणि परतीच्या त्या चार पावलांना सात दिवसांतले उरलेले सारे दिवस. मद्रास आणि नागपूर यांच्यामधले अंतर किती, असे कुणी विचारले तर ९०५ किलोमीटर हे उत्तर बरोबर आहे. पण त्या घरापासून मद्रास किती दूर, याचे उत्तर त्या आकड्यात नाही. ते नाल्याच्या पाण्यात आहे.

*

पुढे विमाने बदलली. १९६४ साली इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल ही जेट विमाने आली. मुंबई-कलकत्ता किंवा दिल्ली-मद्रास हे अंतर वाटेत न थांबता दोन-अडीच तासांत तुटू लागले. संध्याकाळी शेवटचे विमान आणि सकाळी पहिले विमान इतके जवळ आले की मध्यरात्री मध्यावर भेटण्याचे कारणच उरले नाही. सत्तरीच्या दशकात नागपूरची ती जत्रा मोडली. ज्या वेगासाठी नागपूरला मध्ये घेतले होते, तो वेग आणखी वाढताच नागपूर मधून गळले. मध्यावर असणे हा गुण असतो खरा, पण तो दुसऱ्याच्या गरजेपुरता. धावणाऱ्याला दम लागतो तोवर वाटेवरच्या झाडाला महत्त्व.

नागपुरात एक जुना दगडी खांब आहे. त्याला लोक झिरो माइल म्हणतात आणि तिथूनच देशातली सारी अंतरे मोजली जातात, असे कौतुकाने सांगतात. वास्तविक १९०७ साली सर्वेक्षण खात्याने तो उंची मोजण्याची खूण म्हणून उभा केला. पण लोकांच्या या समजुतीत मला एक खोल इच्छा दिसते. आपल्यापासून मोजायला सुरुवात व्हावी, असे कुणाला वाटत नाही?

सोनेगावचा विमानतळ आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखला जातो. मालवाहतुकीचे मोठे केंद्र तिथे व्हावे म्हणून मिहान प्रकल्प उभा राहिला. म्हणजे जुनी कल्पना नवे कपडे घालून पुन्हा आली आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाला. तो आपल्या जिल्ह्यातूनच जातो. हवेतून ६८५, या रस्त्याने ७०१, रेल्वेने ८३७. मुंबई ती एकच, नागपूर तेच, आणि अंतरे तीन. वर्ध्याहून रात्री निघालेला मनुष्य सकाळी मुंबईत असतो. पत्रेही आता फारशी कुणी लिहीत नाही. तार तर जुलै २०१३ मध्ये बंदच झाली. फिटरच्या त्या मुलाने आज फोनच केला असता, आणि आई-बाप वेळेवर फलाटावर उभे असते. हे सारे चांगले झाले. जुने दिवस बरे होते, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पुरात अडकलेल्या पत्राचे कौतुक ज्याला वाटते, त्याच्या घरचे पत्र कधी अडकलेले नसते.

पण वेगाचा इतिहास लिहिताना आपण नेहमी सर्वांत जलद टप्प्याचा इतिहास लिहितो. पेके तेरा मिनिटांत गेला, टाटा कराचीहून मुंबईला आले, डाकोटा रात्रीत चार शहरे जोडून गेले, समृद्धीवरून मोटार आठ तासांत पोचते. हे खरेच आहे आणि अभिमानाचे आहे. परंतु माणसाच्या दारापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे ठरवतो तो सर्वांत संथ टप्पा. हरकाऱ्याचा शेवटचा कोस डाकोटाच्या साऱ्या वेगाला पुरून उरला. आपल्या जिल्ह्यावरून देशाच्या दोन वाटा गेल्या म्हणून आपण जवळ आलो नाही; ज्या दिवशी त्या नाल्यावर पूल झाला, त्या दिवशी ते खेडे मद्रासच्या जवळ आले. त्या पुलाची बातमी मात्र कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात नाही. आजोबांच्या वहीतही नाही. तोवर ते निवृत्त झाले होते.

*

दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्या पोराला बोलावून त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, “बाबा, दोरे आपल्या गावावर छेदतात, पण दोऱ्यावर विमान उतरत नाही, धावपट्टीवर उतरते. धावपट्टी नागपूरला होती, म्हणून ते तिथे उतरत असे.” त्याला ते फारसे पटले नाही. मलाही पुरते पटलेले नव्हते.

मग साऱ्या वर्गाला मी एक काम दिले. घरापासून शाळा किती दूर, हे प्रत्येकाने लिहून आणायचे. किलोमीटरमध्ये नव्हे, लागणाऱ्या वेळात. मुलांनी उत्साहाने लिहिले. कुणी पाच मिनिटे, कुणी पंधरा, एकाने “धावलो तर चार” असे लिहिले. नाल्यापलीकडच्या वस्तीवरून येणाऱ्या एका मुलीच्या पाटीवर दोन ओळी होत्या:

“उन्हाळ्यात वीस मिनिटे.
नाला आला तर शाळा नाही.”

त्या दोन ओळी मी कागदावर उतरवून घेतल्या आणि नकाशाशेजारी भिंतीवर डकवल्या. अजून तिथेच आहेत.